पाठमोरी खुर्ची

१

माझं शिक्षण चौथी. तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पुढे ढकललेली. जसं आठवतंय तसं लिहितोय. कुणाला चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा, मला वाचून दाखवू नका.

डोंगराच्या पायथ्याला, बस जिथे वळते तिथे, आमचं वाटाड्यांचं ऑफिस आहे. खाली एक खोली, वर माळा, मधे बावीस पायऱ्यांचा लाकडी जिना. माळ्यावर सॅका, काठ्या, दोर असलं सामान. गुडघे होते तोवर मी स्वतः माणसं घेऊन डोंगरात जायचो. आता खुर्चीत बसून कुणी कुठल्या वाटेने जायचं ते ठरवतो. लिखापढी सूनबाई करते.

पानगळीचे दिवस लागले, हवा स्वच्छ झाली, गवत पिवळं पडलं की शहरातून माणसं येतात. सगळ्यांचं एकच पालुपद. आम्ही पहिल्यांदाच जातोय, पण फिट आहोत, छोटासा ट्रेक सुचवा. फिट माणसासारखी डोकेदुखी नाही. ढेरपोट्याला आपली ताकद माहीत असते, तो निम्म्यात बसकण मारतो. फिट माणसाला धाप लागत नाही, म्हणून तो चढतच राहतो. दुसऱ्या दिवशी उतरताना त्याला शोध लागतो की आपल्याला गुडघे आहेत. तोवर चार वाजतात, दरीतलं ऊन निघून जातं, आणि मग शोधायला आम्ही.

म्हणून माझी एक पद्धत आहे. बारा किलो वाळू भरलेली सॅक पाठीवर घ्यायची आणि जिना तीनदा चढायचा, तीनदा उतरायचा. मी जिन्याकडे पाठ करून बसतो. दारही पाठीमागेच आहे. माझ्यासमोर फक्त खिडकी आणि खिडकीत डोंगर. चढण मी ऐकतच नाही. उतरण ऐकतो. टाच आधी पडते का चवडा, कुठल्या पायरीला पाय अडतो, तिसऱ्या फेरीला कठड्यावर किती भार पडतो. तेवढ्यावर सांगतो, तळं किंवा खिंड. तळ्याची वाट अर्ध्या दिवसाची, लहान मुलंही जाऊन येतात. खिंडीची वाट दोन दिवसांची, वर निवारा आहे, रात्र तिथे काढायची. तिसरी वाट धारेची, ती नवख्यांना मी सांगतसुद्धा नाही.

बघायचं का नाही, असं सूनबाईने लग्न होऊन आल्यावर विचारलं होतं. तोंड बघितलं की माणूस फसतो. कुणी गोड हसतं, कुणी आपल्या मेलेल्या भावासारखं दिसतं, आणि आपण नको त्या वाटेला हो म्हणून बसतो. पायांना हसता येत नाही. एकेचाळीस वर्षं मी असाच बसलोय. हजारो माणसं पाठवली, एकाचंही तोंड निघताना बघितलेलं नाही.

परत आल्यावर प्रत्येकाने आपली सॅक स्वतः माळ्यावर नेऊन ठेवायची आणि खाली यायचं, हाही नियम. त्या शेवटच्या उतरण्यावरून मला कळतं की माझं ठरवणं बरोबर होतं का. मग सूनबाई वहीत त्याच्या नावापुढे खूण करते. खूण झाली की माणूस परत आला.

२

यंदा माझी नात आली. सूनबाईची एकुलती एक, शहरात शिकायला असते. लहानपणी मिळेल त्यावर चढायची, म्हणून मी तिला खारू म्हणतो. बरोबर तीन दोस्त आणले होते. एक रोज दहा मैल पळणारा, त्याचं नाव मी घोडा ठेवलं. एक सायकलवाला. आणि एक व्यायामशाळेत शिकवणारी मुलगी, ती दारातून आली तशी फरशी हलली, तिला मी डंबेल म्हणालो. तिने मनाला लावून घेतलं नाही. बरी वाटली.

सकाळचे साडेसहा झाले होते. मी नेहमीसारखा पाठमोरा.

"आबा, आपल्या नातीकडे तरी बघा," खारू म्हणाली.

"तुझा जन्म झाला तेव्हा बघितलंय. सॅक उचल."

"आम्हाला खिंडीत जायचंय. चौघंही फिट आहोत."

"फिट आहात हे मी ठरवणार. तू फक्त जिना उतर."

"आजोबा, मी मॅरेथॉन पळालोय," घोडा मागून म्हणाला.

"सपाटीवर?"

"हो."

"मग ते डोंगराला सांगू नकोस, हसेल."

सूनबाईचं टेबल माझ्या उजव्या हाताला, तोंड जिन्याकडे. ती हळूच म्हणाली, "बाबा, तळ्यालाच पाठवा. पहिलीच वेळ आहे तिची."

"आई, प्लीज," खारू म्हणाली.

मी दोघींनाही गप्प केलं आणि ऐकायला लागलो. घोडा उतरताना दोन पायऱ्यांचा एकच आवाज करायचा, घाई. सायकलवाल्याची पावलं जड पण सरळ. डंबेल पाय आपटायची, पण एकाही पायरीला अडली नाही. खारूचा उजवा चवडा आधी पडतो, आणि जिन्याच्या वळणावर कठड्याच्या गोट्यावर ती दोन बोटं वाजवते. टक टक. चार वर्षांची असल्यापासूनची खोड.

तीन फेऱ्या झाल्या. चौघं माझ्या मागे, जिन्याच्या पायथ्याशी पाणी पीत उभे. गुडघे चौघांचेही चांगले होते, खोटं कशाला सांगू. पण सूनबाईचा चेहरा मला न बघताही दिसत होता. म्हटलं, जाऊ दे, माय आहे.

"तळं," मी म्हणालो. "सूनबाई, तळं लिही."

आणि वरून कुणीतरी जिना उतरायला लागलं.

३

आधी घोडा उतरला. दोन पायऱ्यांचा एक आवाज. मग सायकलवाला. मग पाय आपटत डंबेल. मी खारूची वाट बघत राहिलो. टक टक होईल म्हणून कान लावून बसलो. झालं नाही. जिना थांबला.

"वर कशाला गेला होतात परत?" मी विचारलं.

"कोण?" खारू माझ्या कानाशीच होती.

"सूनबाई, आत्ता जिन्यावरून कोण उतरलं?"

"कुणी नाही. सगळे इथेच उभे आहेत की."

"आवाज?"

"लाकूड वाजतंय, बाबा. सुकलंय. दरवर्षी वाजतं या दिवसांत."

तिचं काही खोटं नव्हतं. या दिवसांत लाकूड आखडतं. दाबलेली फळी सावकाश वर येते आणि करकरते, हे मला तिच्याआधीपासून माहीत आहे. पण फळी घोड्यासारखी करकरेल, मग सायकलवाल्यासारखी, आणि मग चौथ्याला विसरेल, असं लाकूड मी पाहिलेलं नाही. मी भुताखेतांतला माणूस नाही. एकेचाळीस वर्षांत डोंगराने मला पाऊस, बर्फ आणि मूर्ख माणसं एवढंच दाखवलं. तेव्हा मी करून बघायचं ठरवलं. चूक असेल तर पुन्हा होणार नाही.

"थांब, लिहू नकोस," मी म्हणालो. "खिंड."

जिना पुन्हा वाजला. घोडा, पण या वेळी दमलेला, एकेक पायरी घेत. सायकलवाला. डंबेल, आता आपटत नव्हती. मग चवडा, चवडा, आणि वळणावर टक टक. चौथी माझी खारू. चौघंही खालपर्यंत उतरले.

मी लिही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात वर आणखी एक पाऊल पडलं.

सावकाश. उजवा पाय नीट, डाव्याची टाच आधी आणि जड. खालून नवव्या पायरीपाशी आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. पुढच्या पायऱ्या वाजल्याच नाहीत.

मागे पोरं पाणी पीत होती. कुणीतरी बाटलीचं झाकण लावलं.

"आबा, तोंड का पडलंय तुमचं?" खारूने विचारलं.

"म्हातारा आहे, पडायचंच," मी म्हणालो.

४

तो पाय मला ठाऊक होता.

एकोणीस वर्षांमागची गोष्ट. पानगळीचेच दिवस, मी ऑफिसात एकटा. एक जवान माणूस आला, माझ्या मागे उभा राहून बोलला. आवाज चांगला, मोकळा. नवखा, पण अंगाने धडधाकट. जिना उतरताना तिन्ही वेळा त्याचा डावा पाय नवव्या पायरीला अडला. मला स्वच्छ ऐकू आलं. तेवढ्यात तो म्हणाला, "जमेल ना, काका?" काय सांगू, त्या आवाजात असं काही होतं की मी म्हणालो, "जमेल. खिंडीतून जा."

तोंड बघून माणूस फसतो म्हणून मी पाठ करून बसलो, आणि आवाजाला फसलो.

तो उतरला नाही. पाच दिवस शोधलं. शोधणाऱ्यांनी मला विचारलं, अंगावर कुठल्या रंगाचं होतं? म्हणजे दुर्बिणीतून तो रंग शोधता येतो. मला माहीत नव्हतं. उंच का बुटका? दाढी होती का? माहीत नव्हतं. मी म्हणालो, डावी टाच जड पडते. माझ्याकडे असं बघितलं त्यांनी, ते अजून विसरलो नाही.

त्याची आई दरवर्षी या दिवसांत बसने येते. बाकावर बसते, चहा घेते, आणि एकच विचारते. निघताना हसत होता का? मी दरवर्षी सांगतो, बाई, मी बघितलं नाही.

त्याच्या नावापुढे वहीत खूण नाही.

५

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तळंही नको, खिंडही नको, पोरांना घरी बसव. मलाही सुचलं ते. मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, "कुठेच जायचं नाही."

"मग आम्ही आमचे आमचे जातो," खारू म्हणाली. "तळ्याची वाट तर पाटीवर लिहिलेली आहे."

ती गेली असती. माझीच नात.

तेव्हा मी ठरवलं. तळं म्हटलं की परतीला तिघांचेच पाय उतरत होते आणि खारू नव्हती. खिंड म्हटलं की खारू होती आणि मागे तो होता. यात विचार करण्यासारखं काय आहे? जो येईल तो येऊ दे, पोरगी आधी येऊ दे.

"खिंड," मी पुन्हा म्हणालो. "लिही, सूनबाई."

तिने पेन खाली ठेवलं. "बाबा, मी तळं म्हटलं होतं. तुम्हीही तळंच म्हणालात."

"आता खिंड म्हणतोय."

"का पण?"

"उतरण चांगली आहे तिची."

"तिला काही झालं ना, तर या खुर्चीसकट तुम्हाला बाहेर काढीन," सूनबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. तिने लिहिलं, कागद फाटेल एवढं दाबून.

मी पोरांना नेहमीचं सांगितलं. दुपारी बारानंतर खिंडीच्या पलीकडे थांबायचं नाही, तिकडच्या अंगाला दगडावर बर्फाचा पापुद्रा असतो. तहान लागायच्या आधी पाणी प्या. काठी उताराला लांब करा. आणि उतरताना मागे वळून बघायचं नाही, काही झालं तरी. डोळे पुढच्या पावलावर. मागे बघितलं की तोल जातो.

"मागचा माणूस हळू असेल तर?" डंबेलने विचारलं.

"तर थांबा. पण वळू नका."

हे मी सगळ्यांनाच सांगतो. त्या दिवशी दोनदा सांगितलं.

६

साडेदहाला सूनबाई दारात उभी राहून कुणाशी तरी बोलत होती. आत आली आणि टेबल धरून उभी राहिली.

"तळ्याच्या वाटेवर दरड आली," ती म्हणाली. "ओढ्याच्या वळणावर. आत्ता, पंधरा मिनिटांपूर्वी."

तळ्याला गेले असते तर पोरं त्या वेळी त्याच वळणावर असती. सकाळपासून दुसऱ्या कुणाला तिकडे पाठवलं नव्हतं. सूनबाईने माझ्यासाठी चहा केला, ठेवला, आणि न सांगता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. असं तिने आधी कधी केलेलं नाही.

तिला बरं वाटलं. मला नाही. जिन्याने खारूबद्दल खरं सांगितलं होतं, म्हणजे उरलेलंही खरं असणार.

चार वाजता निवारावाल्याचा वायरलेस आला. माझ्याच वयाचा आहे, माझ्यापेक्षा खडूस.

"तुझी पोरं पोचली. धडधाकट आहेत."

"खारू?"

"ती सगळ्यात पुढे. तो मागचा तेवढा दमलाय. पण थांबतात बिचारी त्याच्यासाठी."

"मागचा कोण? सायकलवाला?"

"मला काय माहीत? मी स्वयंपाकाला लागलोय. बाहेर पायरीवर बसलाय, बूट वाजवतोय. आत ये म्हटलं तर येत नाही."

"बाहेर जाऊन बघ जरा."

खरखर झाली. मग तो म्हणाला, "सायकलवाला तर इथे चुलीपाशी आहे, हात शेकतोय." पुढचं ऐकू आलं नाही. डोंगरामागे ऊन गेलं की वायरलेस नेहमीच मरतो. त्यात नवीन काही नाही. मी स्वतःला हे दोनतीनदा सांगितलं.

७

दुसऱ्या दिवशी मी दुपारपासून खुर्चीत बसून होतो. खिडकीत डोंगर उन्हात लख्ख होता, गवताची काडी न् काडी दिसत होती. सूनबाई दर दहा मिनिटांनी वाटेच्या तोंडापर्यंत जाऊन येत होती.

पावणेचारला तिची हाक आली आणि मागोमाग बुटांचा गोंधळ. पोरं हसत होती, एकमेकांवर ओरडत होती. घोडा म्हणत होता की त्याचे गुडघे आता त्याचे राहिले नाहीत. सांगितलं होतं मी.

"आबा," खारू म्हणाली, "एवढं भारी होतं ना."

"सॅका वर," मी म्हणालो. "नियम सगळ्यांना."

चढले. चढण मी ऐकत नाही. त्या दिवशी ऐकली. चार जणांची होती की पाच जणांची, ते गर्दीत कळलं नाही.

मग उतरायला लागले. घोडा, एकेक पायरी. सायकलवाला. डंबेल, न आपटता. मग चवडा, चवडा. टक टक. माझी खारू खाली आली. सूनबाई टेबलामागून धावली आणि तिने पोरीला असं कवळलं की दोघींची तोंडं एकमेकींच्या खांद्यात गेली. बाकीची तिघं दाराशी वाकून बुटांच्या नाड्या सोडत होती. जिन्याकडे कुणीच बघत नव्हतं.

वर पाऊल पडलं.

उजवा. डावी टाच. उजवा. डावी टाच. नवव्या पायरीला थांबला.

"अरे हो," खारू आईच्या खांद्यातूनच म्हणाली. "आबा, त्या काकांना पण सांगा ना. खिंडीपासून आमच्या मागे होते. काल, आज, अख्खी वाट एकच विचारत होते, उतरलो का नीट, जमलं का. मी म्हटलं, ते आमच्या आबांना विचारा."

"कसे आहेत दिसायला?" मी विचारलं.

"आम्ही कुठे बघितलं? तुम्हीच म्हणालात, वळायचं नाही."

उरलेल्या आठ पायऱ्या तो उतरला नाही. तिथेच उभा होता, वाट बघत. एकोणीस वर्षं माणूस उत्तराला थांबलाय आणि मी खिडकीतून डोंगर बघतोय, हे मला बरं वाटेना. मी खुर्चीचे हात धरले, उठलो आणि वळलो.

बूट ओळखले. म्हणजे कधी पाहिले नव्हते, पण असेच असणार हे मला माहीत होतं. डावी टाच एका बाजूला झिजलेली. नाड्यांवर पांढरा पापुद्रा, खोलीत ऊन असून न वितळलेला. घोट्याला गवताची कुसळं. पोटऱ्या चांगल्या, मजबूत. गुडघ्यापर्यंत सगळं जिथल्या तिथे होतं.

त्याच्या वर तो तेवढाच होता, जेवढं मी त्याला बघितलं होतं, म्हणजे काहीच नाही.

मी वर बघत राहिलो. मग म्हणालो, "जमलं नाही तुला. नवव्या पायरीला अडला होतास, मला ऐकू आलं होतं. चूक माझी."

"आबा, कुणाशी बोलताय?" खारूने मान वर करून विचारलं. जिना तेव्हा रिकामा होता. फक्त नववी पायरी सावकाश वर येत करकरली, जशी दाबलेली फळी येते.

मी जुनी वही शोधून काढायला लावली. सूनबाईने पान उघडून दिलं. त्याच्या नावापुढची खूण मी माझ्या हाताने केली, वाकडीतिकडी.

आता खुर्ची फिरवून जिन्याकडे तोंड करून ठेवली आहे. येईल त्याचं तोंड नीट बघतो, अंगावरचा रंग सूनबाईला लिहायला सांगतो, मग पाय ऐकतो. काही जण बुजतात. बुजू देत.

पुढच्या आठवड्यात त्याची आई येईल. बाकावर बसेल, चहा घेईल आणि विचारेल, निघताना हसत होता का. यंदा मी हो म्हणणार आहे. जरा मोठ्यानेच म्हणीन, नवव्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असं.